समुद्री कयाक उलटल्यावर परत आत चढलो, पण पुढे काय?

खारावारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच. सेल्फ रेस्क्यूचा, म्हणजे उलटल्यावर स्वतःच सावरण्याचा, विषय निघाला की सगळे जण होडीत परत कसं चढायचं तेवढंच सांगतात, व्हिडिओसुद्धा तिथेच संपतात, माणूस बसला, हात वर केला, झालं. मागच्या महिन्यात माझ्यावर जी वेळ आली त्यानंतर मी ठामपणे सांगतो की चढणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे काठोकाठ भरलेल्या कॉकपिटमधे, म्हणजे बसायच्या खळग्यात, बसून ते पाणी बाहेर जाईपर्यंत होडी सरळ ठेवणं, आणि त्याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही. मीही केलेला नव्हता.

झालं असं की ओहोटीचा प्रवाह बाहेर चाललेला आणि वारा बरोबर त्याच्या समोरून, त्यामुळे लाटा फार उंच नव्हत्या पण आखूड आणि उभ्या, एकीतून सावरतोय तोवर दुसरी हजर. माझा जोडीदार साधारण अर्धा किलोमीटर पुढे. मागून तिरकी आलेली एक लाट होडीचं मागचं टोक उचलून आडवं करून गेली, ब्रेस, म्हणजे तोल सावरायला वल्ह्याचा टेकू, मारायला क्षणभर उशीर झाला आणि मी पालथा. रोल, म्हणजे आत बसूनच होडी परत सुलटी करणं, दोनदा मारून बघितला, दोन्ही वेळा अर्ध्यातून परत खाली, श्वास संपला म्हणून स्कर्ट, म्हणजे कमरेभोवतीचं कॉकपिटचं झाकण, ओढून बाहेर आलो. इथपर्यंत सगळं शिकवल्यासारखं झालं. वल्हं हातात, होडी हातात, पॅडल फ्लोट म्हणजे फुगवायची पिशवी काढली, तो वल्ह्याच्या पात्यावर चढवला, फुगवला, होडी सुलटी केली, मागच्या डेकवर पोटावर चढलो, पाय आत घातले, फिरलो, बसलो. तीनेक मिनिटं लागली असतील. मला वाटलं सुटलो.

आणि मग कळलं की आपण टबात बसलोय. पाणी बेंबीपर्यंत. जरा डावीकडे कललं की आतलं सगळं पाणी डावीकडे धावत येतं आणि होडीला आणखी डावीकडे ढकलतं, सावरायला उजवीकडे गेलो की तेच उजवीकडे. एक लिटर समुद्राचं पाणी एक किलोहून थोडं जडच असतं, म्हणजे आत शंभर लिटर धरलं तर शंभर किलोचा एक माणूस मांडीवर बसून सारखा जागा बदलतोय असं समजा. मी काय चूक केली तर फ्लोट लगेच काढून टाकला, कारण वल्हं मोकळं हवं होतं, आणि मग एका हातात पंप, दुसऱ्या हातात वल्हं. पंपाला दोन्ही हात लागतात हो! दहा-बारा झटके मारले नसतील तोच दुसऱ्यांदा उलटलो.

दुसऱ्यांदा फ्लोट फुगवताना तोंडाने नीट फुंकता येईना, दम लागलेला. तिसऱ्यांदा उलटलो तेव्हा दंडात ताकदच उरली नव्हती, डेकवर छाती चढवायची आणि घसरून परत पाण्यात. शेवटी जोडीदाराने मागे वळून पाहिलं म्हणून वाचलो, त्याने येऊन होडी धरली आणि मी पाणी काढलं.

तर या धाग्यावर सगळ्यांनी आपापलं लिहा. कुठली पद्धत, का, आणि मुख्य म्हणजे आत बसल्यानंतर पाण्याचं काय करता.

पाणपक्षी

खूप छान आणि प्रामाणिक लिहिलंय दादा, वाचताना माझेच हात दुखायला लागले. मी सहा महिन्यांपूर्वी सुरू केलंय, संथ पाण्यात. माझा प्रश्न तुमच्या गोष्टीच्या आधीचा आहे. उलटल्यावर स्कर्टमधून बाहेर पडणं याचीच मला इतकी धास्ती आहे की मी स्कर्ट लावायचंच टाळते. क्लासला एकदा केलं होतं पण तेव्हा सर बाजूला उभे होते. खाली डोकं, वर पाय, नाकात पाणी, अंधार, अशात ती पट्टी सापडलीच नाही तर? कुणी नीट सांगाल का?

वल्हंबहाद्दर

खारावारा, जीव वाचला हे महत्त्वाचं. पण माझं मत वेगळं आहे, रोल पक्का कर, मग या सगळ्याची गरजच पडत नाही. सविस्तर रात्री लिहितो.

दीपस्तंभ

पाणपक्षी, धास्ती वाटणं बरोबर आहे आणि ती बोलून दाखवलीस हे त्याहून बरोबर. मी बरीच वर्षं शिकवतोय, पहिल्या वेळी ज्याला भीती वाटत नाही अशा माणसाकडे मी जास्त लक्ष ठेवतो.

पहिलं म्हणजे किनाऱ्यावर, कोरड्यात बस. स्कर्ट लाव आणि ओढायची पट्टी बाहेर आहे ना ते हाताने बघ. हे प्रत्येक वेळी, दर खेपेला, अगदी दहा मिनिटांसाठी निघालीस तरी. पट्टी स्कर्टखाली दबून आत राहिली तर पाण्यात ती शोधून सापडत नाही. मग डोळे मिटून हात कॉकपिटच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी पुढे सरकव, जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे पट्टी असते. शोधायची नाही, कडेवरून हात सरकवत तिच्यापर्यंत पोचायचं. हे वीस वेळा कर.

मग उलटल्यावर: पुढे वाक, कपाळ डेककडे. हे फार महत्त्वाचं, कारण मागे रेललीस तर मांड्या वरच्या बाजूला दाबल्या जातात, बाहेर पडणं अवघड होतं आणि उथळ पाण्यात तोंड तळावर आपटतं. पट्टी आधी पुढे ओढायची आणि मग वर, म्हणजे तुझ्या त्या वेळच्या हिशेबाने तोंडाकडे. पुढे न ओढता नुसती वर ओढली तर रबर कडेवरून सुटत नाही. स्कर्ट सुटला की हात कमरेशी, कॉकपिटच्या कडेवर, आणि घट्ट पँट उतरवावी तशी होडी कमरेवरून खाली ढकलायची. पाय आपोआप मागून येतात, लाथा मारायच्या नाहीत. लाइफ जॅकेट तुला वर आणतं.

मी विद्यार्थ्यांना उलटल्यावर लगेच बाहेर पडू देत नाही. होडीच्या तळावर हाताने तीनदा थापट्या मारायच्या, मग पट्टी. त्या तीन थापट्यांत कळतं की आपल्याकडे वेळ आहे. नाकाला क्लिप लावून सुरुवात केलीस तरी चालेल, पण पुढे क्लिपशिवायही जमलं पाहिजे कारण खऱ्या वेळी ती नाकावर नसणार.

बाहेर आल्याक्षणी एक हात होडीवर. रिकामी होडी वाऱ्याने माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात वाहून जाते, दोन हात अंतर पडलं की गेली म्हणून समज.

ओहोटी

तीन थापट्या, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

वल्हंबहाद्दर

रात्री लिहितो म्हणालो होतो, घ्या.

रोलबद्दल माझं म्हणणं एवढंच की त्यात होडीत पाणी शिरतच नाही. स्कर्ट लागलेला, तुम्ही आत, पाच सेकंदांत परत वर. खारावाराने जे सगळं भोगलं त्याचं मूळ तो बाहेर पडला यात आहे. ज्यांनी कयाक घडवली ते ग्रीनलंडचे शिकारी बाहेर पडायचा विचारसुद्धा करत नव्हते, तिथल्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण. त्यांचा तुइलिक नावाचा कातडी अंगरखा चेहऱ्याभोवती आणि मनगटांना आवळलेला आणि खाली कॉकपिटच्या कडेला बांधलेला, म्हणजे माणूस आणि होडी एकच. म्हणूनच त्यांच्याकडे रोलचे तीसहून जास्त प्रकार आहेत, वल्हं हातात असताना, वल्हं सुटल्यावर, नुसत्या हाताने, एक हात दोरात अडकलेला असताना, सगळ्याची सोय. युरोपात ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने १९२७ मधे वर्णनं वाचून वाचून स्वतःच रोल जमवला. वल्ह्याचं एक पातं हातात धरून दुसरं लांबवर टाकायचं, म्हणजे तरफ लांब होते, त्या रोलला आजही त्याचंच नाव आहे आणि शिकायला तो खूप सोपा आहे.

आणि रोल हातांनी होत नाही रे भावांनो, कमरेने होतो. वल्हं फक्त क्षणभर टेकू देतं. ज्या बाजूने वर येतोय त्या बाजूचा गुडघा डेकला खालून दाबायचा, कमरेचा झटका, होडी आधी सुलटी, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. बुडणारा माणूस आधी डोकं वर काढायला बघतो आणि तिथेच रोल फसतो. खारावारा, तुझे दोन्ही रोल अर्ध्यातून पडले ना? लिहून देतो, डोकं आधी आलं.

खारावारा

वल्हंबहाद्दर, डोकं आधी आलं हे खरंच. पूलमधे माझे दहातले नऊ रोल जमतात. तिथे मी नाक धरून, श्वास भरून, ठरवून उलटतो. त्या दिवशी वाक्य अर्धं बोलत असताना उलटलो, तोंड उघडं होतं.

रोल शिकूच नये असं मी म्हणतच नाहीये. पण एक सांगतो. गिनो वॉटकिन्स नावाचा इंग्रज तरुण १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडला तिथल्या लोकांकडूनच कयाक आणि रोल शिकला, शिकारही त्यांच्यासारखी करायचा. १९३२ च्या ऑगस्टमधे एकटा सीलच्या शिकारीला गेला, नंतर त्याची कयाक पालथी तरंगताना सापडली, तो सापडलाच नाही. वय पंचवीस. नेमकं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. त्या काळच्या युरोपियनांत त्याच्याइतका रोल कुणाला येत असेल? म्हणून रोल फसल्यानंतरचं पण यायला हवं.

संथपाणी

मी पेशाने डॉक्टर आहे, थंड पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण वरची सगळी तंत्रं बोटं चालतायत असं गृहीत धरून लिहिलेली आहेत.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी लक्षात ठेवायला एक सोपं सूत्र दिलंय, १-१०-१. खूप थंड पाण्यात पडलात तर पहिला एक मिनिट श्वासावर ताबा मिळवायचा, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोक घाबरतात त्या शेवटच्या तासाला. प्रत्यक्षात बरीच माणसं त्याच्या खूप आधी, पहिल्या मिनिटातही जातात, कारण गार पाणी अंगाला लागताच आपोआप एक मोठी उसंत न मिळणारी धाप लागते, आणि ती घेताना तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर ही धाप चांगलीच जाणवते. अशा वेळी त्या मिनिटात काहीही करायला जाऊ नका, होडी धरा, लाइफ जॅकेटवर तरंगा, श्वास खाली येऊ द्या. मग सुरुवात.

खारावारांची तीन प्रयत्नांची गोष्ट मी या दहा मिनिटांच्या हिशेबाने वाचली. त्यांचं पाणी बहुतेक फार गार नसावं, नाहीतर तिसरा प्रयत्न झालाच नसता. गारठलेल्या हाताला फ्लोटचं बकल दाबता येत नाही, झडपेची टोपी फिरवता येत नाही, पकड जाते. एकदा सरावात मी मुद्दाम गार पाण्यात हात बुडवून बसलो आणि मग फ्लोटचा क्लिप उघडायला गेलो. अंगठा दिसत होता, क्लिपवर होता, पण दाब येईना. स्वतःचा अंगठा परका वाटतो.

पाणी उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं, तेव्हा कपडे हवेकडे बघून घालू नका, पाण्याकडे बघून घाला, वरती कितीही ऊन असू दे. वेटसूट किंवा ड्रायसूट. आणि लाइफ जॅकेट अंगात, डेकखाली अडकवलेलं नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवता येत नाही.

ओहोटी

आता माझं. मी उंचीला कमी, वजन जरा जास्त आणि दंडात ताकद बेताची. नेहमीची पॅडल फ्लोटची पद्धत, म्हणजे पाण्यातून उसळी मारून मागच्या डेकवर छाती आणायची, ही मला एकदाही धड जमली नाही, आणि दोन वर्षं मी समजत होते की हा खेळ आपल्यासाठी नाही. असं वाटणाऱ्या इथे अजून कुणी असतील तर हे वाचा.

टाचेची पद्धत. वल्हं फ्लोटसकट होडीला काटकोनात, तुम्ही वल्ह्याच्या मागच्या बाजूला, डोकं होडीच्या मागच्या टोकाकडे करून पाण्यात उताणं पडल्यासारखं व्हायचं. एक हात कॉकपिटच्या कडेच्या मागच्या भागावर, वल्ह्याच्या दांड्यासकट पकडलेला, दुसरा हात दांड्यावर. आता होडीकडचा पाय उचलून कॉकपिटमधे टाकायचा आणि टाच आतून कडेखाली अडकवायची. मग दुसराही पाय आत. आणि आता गंमत अशी की हाताने ओढायचं नाहीच, पाय आत सरळ करत दाबायचं, कमरेने वळत पोट मागच्या डेकवर येतं. पायाचे स्नायू हातापेक्षा कितीतरी दणकट, सगळं काम तेच करतात. मग फ्लोटच्या बाजूला तोंड ठेवून सावकाश फिरायचं आणि बसायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी पाण्यात रडले होते.

एक तोटा आहे, पाय आधी जात असल्याने होडीची कड खाली दबते आणि थोडं जास्त पाणी आत येतं. म्हणजे खारावारांचाच प्रश्न परत.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी रिकिबीसारखा दोराचा फास वापरावा. पट्ट्याचा एक मोठा वळसा, पलीकडच्या पात्यावरून टाकायचा, होडीच्या खालून अलीकडे घ्यायचा, जवळच्या दांड्यावरून गुंडाळून खाली सोडायचा, त्यात पाय ठेवून उभं राहायचं, शिडीसारखं. पण लांबी घरीच आपल्या होडीला लावून ठरवा, आणि पाय बाहेर निघाल्याची खात्री केल्याशिवाय आत फिरू नका. पाण्यात सुटा दोर पायाशी असणं मला आजही आवडत नाही, सुरी जॅकेटलाच असते.

वल्हंबहाद्दर

ओहोटीताई, सलाम. टाचेची पद्धत मी कधी करून बघितलीच नव्हती, ताकद आहे म्हणून. पण खारावारा म्हणतो तसं तिसऱ्या खेपेला ताकद नसतेच, तेव्हा मलाही लागेल. शिकतो.

माझ्याकडून एक भर, ज्यांचा रोल बरा आहे त्यांनी बाहेर पडल्यावर री-एंटर अँड रोल करून बघा. होडी पालथीच ठेवायची, कुशीवर घ्यायची, पाण्याखालून परत आत बसायचं, गुडघे घट्ट, आणि रोल. पात्यावर फ्लोट असेल तर बहुतेक फसत नाही. चढाचढीची दमणूक वाचते. कॉकपिट मात्र भरलेलं वर येतं.

दीपस्तंभ

सगळे फिरून त्याच पाण्यापाशी येतायत, तर त्याबद्दल लिहितो. खारावाराने बरोबर जागी बोट ठेवलंय. आम्ही शिकवणारेही यात कमी पडतो, शिकाऊ माणूस आत बसला की पुढच्याला बोलावतो.

पहिली गोष्ट, पाणी आत कमी घ्यायचं. होडी पालथी असते तेव्हा आत हवा कोंडलेली असते, आणि कडा पाण्याला चिकटलेली असते. हळूहळू सुलटी केली तर ती तिरकी असताना चमच्यासारखी पाणी भरून घेते. कड आधी एका बाजूने जराशी उचलून ती पकड सोडवायची, मग पाय मारून, जोर लावून, एका झटक्यात उलटवायची. अंगात दम असेल तर पुढच्या टोकाशी जाऊन ते उचलायचं. सीटच्या लगेच मागे बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत, असेल तर बरंचसं पाणी कॉकपिटमधून ओतलं जातं. एकट्याला खोल पाण्यात हे पूर्ण जमत नाही, पण वीस लिटर गेले तरी ते पंपाने काढावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, आत बसल्यावर फ्लोट काढायचा नाही. वल्हं मागच्या डेकच्या दोरांखाली किंवा कॉकपिटच्या मागे दाबून तसंच आडवं राहू द्यायचं आणि शरीराचा भार सतत फ्लोटकडे. पलीकडे कललात तर फ्लोट पाण्यातून उचलला जातो आणि काही उपयोग नाही.

तिसरी, पंपाआधी स्कर्ट. लोक उलटं करतात. लाटा येतायत म्हणूनच तर उलटलात, मग उघड्या कॉकपिटमधून जितकं काढाल तितकं परत येणार. स्कर्ट मागून लावत पुढे न्या, बाजूला एक मूठभर फट ठेवा, पंप त्यातून आत. किंवा स्कर्टच्या छातीकडच्या नळीतून, पोटाजवळून पंप खाली घाला. म्हणजे दोन्ही हात पंपाला, कोपर फ्लोटच्या बाजूच्या दांड्यावर. हिशेब करा, झटक्याला अर्धा लिटर जरी धरला तरी शंभर लिटरला दोनशे झटके. तेवढा वेळ होडी स्थिर राहायला हवी, म्हणून हे सगळं.

हात मोकळे हवेत म्हणून काही जण पायाने दाबायचा किंवा बॅटरीचा पंप बसवून घेतात, एकटे लांब जाणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा. जुन्या होड्यांत सी सॉक नावाची पिशवी वापरायचे, कॉकपिटच्या कडेला लावलेली, पाय त्या पिशवीत, म्हणजे पाणी भरलं तरी पिशवीपुरतंच. आणि पंप बांधलेला असू द्या. पहिल्याच उलटण्यात पंप तरंगत निघून गेलेला मी बघितलाय, त्या माणसाने टोपीने पाणी उपसलं.

आणखी एक, निघण्याआधी हॅचची, म्हणजे सामानाच्या कप्प्यांची, झाकणं तपासा. एका बाजूचा कप्पा भरला तर होडीचं ते टोक खाली जातं आणि होडी पाण्यात उभी राहते, नुसतं टोक वर. त्याला क्लिओपाट्राज नीडल म्हणतात. मग या धाग्यावरचं एकही तंत्र चालत नाही, होडी धरून मदतीची वाट बघणं एवढंच उरतं.

नवाभिडू

माझी सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न बसता वरच बसायची होडी आहे, मला हे सगळं लागू होतं का?

ओहोटी

पाणी काढायचं नाही तुम्हाला, ते भोकांतून आपोआप जातं. पालथी झाली तर तळावरून हात टाकून पलीकडची कड किंवा पट्टा धरा, गुडघे जवळच्या कडेवर टेकवा आणि मागे पडत ओढा, सुलटी होते. मग पोट, बूड, पाय या क्रमाने. आडवे होऊन पाय जोरात मारायचे, पोट मधोमध आणायचं, उताणं वळून बुडावर बसायचं, शेवटी पाय. पण आतला भाग पोकळच असतो, झाकण किंवा बूच गळत असेल तर तीही भरते, बाहेरून दिसत नाही. संथपाणींनी लिहिलेलं थंडीचं तुम्हाला जास्तच लागू, कारण तुम्ही पूर्ण उघड्यावर बसता.

खारावारा

दीपस्तंभ काका, स्कर्ट आधी हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. आठवतंय, मी काढत होतो तेवढंच पाणी डावीकडून परत येत होतं.

एक मुद्दा माझ्याकडून राहिला, थांबायचं कधी. मी तिसरा प्रयत्न करायलाच नको होता. दुसरा फसल्यावर हात थरथरत होते, तेव्हाच होडीला लटकून शिट्टी वाजवायला हवी होती, रेडिओवर बोलायला हवं होतं. माझा व्हीएचएफ होता, पण डेकवरच्या पिशवीत, आणि ती पिशवी होडीच्या दुसऱ्या बाजूला. आता तो जॅकेटवर छातीशी असतो. चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या चॅनलवर, आपण कोण, कुठे, किती जण आणि काय झालंय हे कसं सांगायचं तेही घरी मोठ्याने बोलून बघितलंय, कारण दम लागलेला असताना वाक्य सुचत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारा बीकन, घेतलाय, तोही अंगावर. होडी हातातून सुटली तरी जे अंगावर आहे तेवढंच तुमचं.

आणि अर्धा किलोमीटरचं अंतर. आम्ही दोघं होतो, पण माझ्या शिट्टीचा आवाज त्याच्यापर्यंत गेलाच नसता. आता एकमेकांशी बोलता येईल इतक्याच अंतरात राहायचं ठरवलंय. जोडीदार जवळ असता तर टी रेस्क्यूने माझ्या होडीचं पुढचं टोक त्याच्या डेकवर ओढून सगळं पाणी आधीच ओतून टाकता आलं असतं, एका मिनिटाचं काम.

पाणपक्षी

धागा वर काढतेय, कारण काल जाऊन आले! मैत्रीण सोबत, पाणी छातीएवढं आणि कोमट, वारा किनाऱ्याकडे वाहणारा, म्हणजे काही सुटलं तरी किनाऱ्यालाच येणार.

आधी कोरड्यात वीस वेळा पट्टी. मग स्कर्ट लावला, नाकाला क्लिप, उलटले. तीन थापट्या मारायच्या होत्या, पहिल्या वेळी एकच मारली आणि निघाले. तिसऱ्या वेळी तीन मारल्या, आणि तिसऱ्या थापटीच्या वेळी डोळे उघडले तर पाण्याखाली हिरवट उजेड होता आणि स्कर्टची पट्टी समोर लोंबत होती. इतक्या महिन्यांची भीती आणि ती पट्टी नुसती समोर लोंबत होती. पाचव्या वेळी क्लिप काढून केलं. नाकात गेलं, झोंबलं, पण जमलं.

मग फ्लोट. ओहोटीताई, टाचेची पद्धत दुसऱ्या प्रयत्नात जमली, तुम्ही लिहिलंय तसंच, हाताने ओढायला गेले तेव्हा नाही आणि पाय दाबले तेव्हा लगेच. मैत्रिणीने वेळ लावला. उलटल्यापासून आत बसेपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद. मग मी पंप काढला, आणि शेवटचं पाणी स्पंजने टिपून वल्हं हातात घेईपर्यंत एकूण अकरा मिनिटं! म्हणजे जवळजवळ नऊ मिनिटं नुसतं पाणी. खारावारा दादा म्हणतायत ते तेव्हा अंगाला कळलं. मधे मैत्रिणीने मुद्दाम होडी हलवली, मी फ्लोटकडे कललेली होते म्हणून राहिले, पण चार-पाच वेळा उघड्या बाजूने पाणी परत आत आलं.

काका, मी स्कर्ट आधी लावायला विसरले. दुसऱ्या खेपेला लावायचा प्रयत्न केला तर मागची कड बसेना, बोटं घसरत होती आणि मागे हात नेला की तोल जात होता.

दीपस्तंभ

पहिल्याच दिवशी क्लिपशिवाय केलंस, फार छान. मागची कड बसवताना दोन्ही हात मागे नेऊ नकोस. एक कोपर वल्ह्याच्या दांड्यावर, त्याच बाजूला थोडं रेलून दुसऱ्या हाताने मागची कड मधोमध दाब, मग तोच हात एका बाजूने पुढे आण. पुढची कड बसली की दुसरी बाजू. त्या बाजूला पंपापुरती फट. स्कर्ट आधी पाण्यात भिजवून घे, कोरडं रबर बसत नाही. हे किनाऱ्यावर बसून, वल्हं आडवं टाकून दहा वेळा कर आणि मगच पाण्यात. आणि सलग दोनदा उलट. पहिलं पाणी काढून झालं की श्वास घ्यायला न थांबता लगेच दुसऱ्यांदा. वेळ लिहून ठेव.

पाणपक्षी

हो काका. शनिवारी वारा किनाऱ्याकडेच आहे, मैत्रीण येतेय म्हणाली. ओहोटीताई, तुम्हीपण याल का?

ओहोटी

येते. रिकिबीचा दोर पण आणते, तुझ्या होडीला लांबी मोजून घेऊ.